अल्बममधली मॅटाडोर

१९८० च्या आसपासचा लग्नाचा अल्बम घरात असेल तर काढून बघा. मांडवाच्या कडेला, वऱ्हाडाच्या मागे, बसक्या नाकाच्या मॅटाडोर व्हॅनचा एखादा कोपरा बहुधा सापडेल. आत सतरंजी, तिच्यावर दाटीवाटीनं बसलेल्या करवल्या, पायाशी रुखवताचे डबे. आज तीच गाडी रस्त्यावर दिसेल म्हणून वाट पाहिली, तर महिनेच्या महिने दिसत नाही.

मला याची मनापासून हळहळ वाटते. संस्थानिकांच्या मोटारी गॅरेजात जपल्या गेल्या, जुन्या फियाटलाही हौशी मालक भेटले. मालवाहू गाडी मात्र घरातलं कमावतं माणूस. चालते तोवर राबवायची, थांबली की पत्रा वजनावर घालायचा. मुळात थोड्याच बनल्या म्हणून काही गाड्या दुर्मीळ होतात. मॅटाडोर १९६९ पासून २००० पर्यंत बनत होती. ती राबून राबून संपली.

तिचं मूळ घराणं जर्मनीतल्या हॅम्बुर्गमधल्या हार्बुर्गचं. तिथल्या ‘टेम्पो’ कंपनीशी करार करून नवलमल फिरोदिया यांनी १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू केली, आणि तिच्या तीनचाकीमुळे ‘टेम्पो’ हा शब्द मराठीत असा मुरला, की आज कुठल्याही कंपनीची छोटी मालवाहू गाडी आपल्याला टेम्पोच वाटते. जर्मनीतली टेम्पो पुढे हानोमाग कंपनीकडे आणि नंतर डाइमलर-बेंझकडे गेली. तिथे या व्हॅनवर मर्सिडीजचं चिन्हही लागलं आणि १९७७ मध्ये ती बंद झाली. पुण्याजवळ आकुर्डीत ती त्यानंतरही वीसहून अधिक वर्षं बनत राहिली. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं.

हिची पुढची चाकं गाडी ओढतात. मागे ताकद नेणारा लांब दांडा नाही, म्हणून मागचा तळ जमिनीलगत ठेवता आला. नऊवारीतल्या आजीला चढायला सोपं, हमालाला पोतं ठेवायला सोपं. मला ही गाडी आवडते ती यासाठी.

अशी गाडी शोधायची तर मळ्यात जायचं, वीटभट्टीमागे बघायचं, भंगारवाल्यांशी चहा प्यायचा. कुठे तिच्यात कोंबड्या नांदत असतात, कुठे कडबा भरलेला असतो. चाकं नसली तरी चालतं. आधी कागद बघायचे: चॅसीवर ठोकलेला नंबर आरसीबुकातल्या नंबराशी जुळला पाहिजे. तो जुळत नसेल तर कितीही स्वस्तात मिळाली तरी सोडून द्यावी.

पुढचं काम उलट्या बाजूनं अवघड आहे. एरवी माणूस इंजिनाला भितो. सुरुवातीच्या गाड्यांचं हानोमाग इंजिन खरंच अवघड. पण नंतरच्या मॅटाडोरमध्ये मर्सिडीजच्या ओएम ६१६ घराण्यातलं डिझेल इंजिन आलं, आणि त्याच घराण्याचं इंजिन बजाज टेम्पोच्याच ट्रॅक्स गाडीलाही होतं. त्यामुळे सुटे भाग मिळतात आणि ते हाताळणारे मिस्त्रीही आहेत. पत्रा मात्र मिळत नाही. छताच्या पन्हळीत साचलेलं पाणी, दरवाजांच्या बुडाशी अडकलेला चिखल, चाकांवरच्या कमानी: गंज इथून सुरू होतो. दर वर्षी पासिंगआधी त्यावर लांबी भरून रंग मारलेला असतो. खरवडलं की भोक. मग चांगल्या पत्र्यापर्यंत कापत जायचं, नवा तुकडा डॉलीवर, म्हणजे मागून टेकवायच्या लोखंडी ठोकळ्यावर, हातोडीनं ठोकून तोच गोलवा आणायचा, वेल्डिंग करताना पत्रा तापून वाकू द्यायचा नाही. एका दरवाजाला आठवडा लागला तर तक्रार करू नये. असं हातानं पत्रा घडवणारे डेंटर कमी होत चाललेत, आणि मला त्यांची काळजी गाडीपेक्षा जास्त वाटते.

कायद्याचीही अडचण आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांवरची, खासगी वापरातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात. पहिल्या मॅटाडोर वयानं त्यात बसतात. पण चॅसी, बॉडी, इंजिन मुळातलं असावं, मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. जिनं तीन मालकांचं घर चालवलं, तिच्यात एकदाही इंजिन बदललं नसेल, अशी अपेक्षा धरायची कशी? राबलेल्या गाड्यांसाठी हा नियम थोडा सैल व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

रंग खरवडताना एक गोष्ट मात्र सावकाश करावी. पापुद्र्यामागून पापुद्रा निघतो आणि कधी दरवाजावर पेंटरनं हातानं काढलेली अक्षरं वर येतात: गावाचं नाव, दुकानाचं नाव, ‘आईचा आशीर्वाद’. तिथे पॉलिशपेपर थांबवावा. बाकी गाडी नव्यासारखी चकचकीत करा. तो हातभर पत्रा तसाच राहू द्या.