बरं झालेलं कासव समुद्रात सोडल्यावर पुढे काय?

पावसाळ्यात आपल्या पालघरच्या किनाऱ्यावर तुटक्या जाळ्यांत गुरफटलेली, पर जायबंदी झालेली समुद्री कासवं लागतात. वनविभाग आणि प्राणिमित्र त्यांना डहाणूच्या उपचार केंद्रात नेतात. नीट बुडी मारता येऊ लागली की त्यांची समुद्रात रवानगी होते.

पण ती तिथे जगतात का, हे सॅटेलाइट टॅगमुळे कळू शकतं. हे छोटं यंत्र पाठीच्या कवचावर इपॉक्सीने चिकटवतात. खाऱ्या पाण्याखालून सिग्नल जात नाही. कासव श्वास घ्यायला वर आलं की उपग्रहाला ठिकाण कळतं. अनेक दिवस नियमित सिग्नल आले, तर उपचार फळाला आले असं मानायला जागा असते.

कोकणात हे तंत्र रुळलंय. २०२२ मध्ये वेळासला ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीला टॅग लावला. २०२३ मध्ये गुहागरहून निघालेली ‘बागेश्री’ श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली!

चिंचणी-तारापूरकरांनो, जखमी कासव दिसलं तर परत पाण्यात ढकलू नका. सावलीत ठेवा, पाठीवर ओलं फडकं टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनविभागाला १९२६ वर फोन करा.

#समुद्रीकासव #पालघर #डहाणू