चाळीस मिनिटांत सरमिसळ

पेशीचं आवरण म्हणजे सुमारे 5 नॅनोमीटर जाडीचा, स्निग्ध रेणूंचा दुपदरी पापुद्रा. तो वाहता असतो. हे दाखवणारा सर्वांत देखणा प्रयोग फ्राय आणि एडिडिन यांनी 1970 साली केला. त्यांनी उंदराची आणि माणसाची पेशी जोडून एकच पेशी बनवली. आवरणातल्या उंदराच्या प्रथिनांवर हिरवी, माणसाच्या प्रथिनांवर लाल चमकणारी प्रतिपिंडं बसवली. सुरुवातीला अर्धी पेशी हिरवी, अर्धी लाल दिसे. 37 अंश सेल्सिअसला साधारण 40 मिनिटांत दोन्ही रंग सगळीकडे पसरले. 15 अंशांच्या खाली मात्र ही सरमिसळ जवळपास थांबली. दोनच वर्षांनी सिंगर आणि निकोल्सन यांनी आवरणाचं ‘द्रव-मोझेक’ प्रारूप मांडलं.

थंडीत तूप थिजतं, तेल वाहतं राहतं. आवरणाचंही तसंच. असंतृप्त मेदाम्लांच्या शेपट्यांना बाक असतो, त्यामुळे ती दाटीनं रचली जात नाहीत आणि आवरण थंडीतही वाहतं राहतं. बर्फात वावरणाऱ्या रेनडिअरच्या पायांत खुरांकडे जावं तसं अशा मेदाम्लांचं प्रमाण वाढत जातं, हे मला फार विलक्षण वाटतं. प्राण्यांच्या पेशींत कोलेस्टेरॉल दोन्ही बाजू सांभाळतं: उष्णतेत आवरण फार सैल होऊ देत नाही, थंडीत गोठू देत नाही.

तरी सगळीच प्रथिनं मोकळी फिरत नाहीत. इंटिग्रिन हे प्रथिन आवरणाच्या आरपार असतं. त्याचं एक टोक बाहेरच्या कोलॅजेन-फायब्रोनेक्टिनच्या जाळ्याला, दुसरं आतल्या ॲक्टिनच्या सांगाड्याला जोडलेलं. रक्तातल्या बिंबाणूंवरची इंटिग्रिनं एरवी निष्क्रिय असतात. जखम झाली की ती फायब्रिनोजेन पकडतात आणि बिंबाणू एकमेकांना चिकटतात.