‘रोबोट’ची कुळी आणि त्याचे सर्वनाम

मानवनिर्मित मानवाच्या कथांची चर्चा सामान्यतः विज्ञानाच्या किंवा नीतिशास्त्राच्या अंगाने होते. असा जीव घडविता येईल काय, आणि घडविला तर त्याच्याविषयी निर्मात्याचे उत्तरदायित्व कोणते, हे तेथील प्रमुख प्रश्न होत. यांपैकी दुसरा प्रश्न भाषाभ्यासकाच्या बाजूने विचारून पाहावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. निमित्त वर्गातले आहे. कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातील एक प्रवेश मराठीत उतरविण्यास दिला असता, एकाच पात्रासाठी काही विद्यार्थ्यांनी ‘तो’ लिहिले, काहींनी ‘ते’ लिहिले, आणि एकाने मोठ्या कौशल्याने सर्वनामच टाळले. तिघांनाही चूक म्हणता येईना. मग या घोटाळ्याचे मूळ शोधणे प्राप्त झाले.

हे चेक नाटक १९२० साली प्रसिद्ध झाले आणि २५ जानेवारी १९२१ रोजी प्रागच्या राष्ट्रीय नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला. ‘रोबोट’ हा शब्द जगाला त्यानेच दिला. परंतु शब्द कारेल यांचा नव्हे. त्यांचे चित्रकार बंधु योसेफ यांचा. ही हकीकत कारेल यांनीच १९३३ साली एका वृत्तपत्रात सांगितली आहे. श्रम या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून काही नाव बनवावे असे त्यांच्या मनात होते, पण ते त्यांना पुस्तकी वाटत होते. योसेफ कुंचला तोंडात धरून चित्र रंगवीत होते. त्यांनी तसेच पुटपुटत ‘रोबोट म्हण’ असे सुचविले. एवढ्या निष्काळजीपणे जन्मलेला शब्द इतका चिवट निघावा, याचे नवल वाटते.

‘रोबोता’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने सक्तीने करावयाचे काम. हाब्सबुर्ग साम्राज्यात ही पद्धत १८४८ मध्ये बंद झाली; म्हणजे चापेक यांच्या आजोबांच्या पिढीला ती आठवत असणार. आपल्याकडे तिला अचूक प्रतिशब्द आहे: वेठ. संस्कृत ‘विष्टि’पासून आलेला हा शब्द आणि तो राबणारा ‘वेठ्या’. ‘रोबोट’चे अर्थानुसारी भाषान्तर ‘वेठ्या’ असे झाले असते, पण रूढ झाला तो ‘यंत्रमानव’. हा शब्द चांगला घडविलेला असला तरी चापेक यांच्या नाटकापुरता दिशाभूल करणारा आहे. त्यांचे रोबोट यंत्रे नव्हेतच. कारखान्यात एका रासायनिक द्रव्यापासून त्यांची हाडे, मांस आणि मज्जातंतु तयार होतात. ‘यंत्रमानव’ म्हणताच डोळ्यांपुढे पत्र्याची आकृति उभी राहते आणि वेठ दिसेनाशी होते.

कुळी येथेच संपत नाही. ‘रोबोता’च्या मुळाशी दास या अर्थाचा जुना स्लाव शब्द आहे. तो व्युत्पत्तिकोशांत अनाथ या अर्थाच्या ग्रीक ‘ओर्फानोस’शी आणि संस्कृत ‘अर्भ’शी जोडलेला आढळतो. ‘अर्भ’ म्हणजे लहान, दुर्बळ. आणि त्यावरूनच आपला ‘अर्भक’. ज्याचे कोणी नाही तो पोरका, पोरका तो दुसऱ्याच्या दारी राबणारा, असा हा अर्थविकास मानला जातो. रोबोट आणि अर्भक ही अशी दूरची भावंडे ठरतात.

आता व्याकरण. चेक भाषेत पुल्लिंगी नामांचे सचेतन व अचेतन असे दोन वर्ग आहेत आणि त्यांचे प्रत्यय वेगळे. चापेक यांनी ‘रोबोट’ला सचेतनाचे प्रत्यय लावले. अनेकवचनात त्याचा अन्त्य ‘त’ तालव्य होतो, जसा माणसांच्या नामांत होतो. स्त्रीरूपासाठी ‘रोबोत्का’ असा शब्दही त्यांनी वापरला. आजच्या चेकमध्ये स्वयंपाकघरातील यंत्रालाही रोबोटच म्हणतात, पण त्याचे अनेकवचन अचेतनाप्रमाणे करतात. नाटकातील व्यवस्थापक दोमिन आपल्या मालाला आत्मा नाही असे ठासून सांगत असतो. आणि ते सांगताना त्याच्याच तोंडचा प्रत्यय त्याला खोटे पाडीत असतो.

मराठीत हे कार्य ‘ला’ हा प्रत्यय काही अंशी करतो. ‘पेटी उचलली’, पण ‘मुलाला उचलले’. मात्र आपली रीत चेकहून सूक्ष्म आहे आणि थोडी निर्दयही. सजीव कर्म देवघेवीत सापडले की त्याचा ‘ला’ गळतो: ‘बैल विकला’, ‘गुलाम विकत घेतला’. ‘मुलीला पाहिले’ आणि ‘मुलगी पाहिली’ यांतील अंतर कोणाही मराठी वाचकास समजावून सांगावे लागणार नाही. उलट खेळणारी पोर ‘बाहुलीला झोपवले’ म्हणते आणि लाकडाला जीव देते. तेव्हा दोमिन मराठीत ‘रोबोट विकले’ म्हणेल. ‘रोबोटांना ठार केले’ हे वाक्य प्रथम कोणाच्या तोंडी घालावयाचे, हा निर्णय भाषान्तरकाराचा. विद्यार्थ्यांच्या गोंधळाचे कारण हेच होते. जीव आहे की नाही, हे नाटकातच ठरावयाचे असताना मराठी वाक्य ते आधी ठरवून मागते.

नाटकाच्या आरंभी या अनिश्चितीचा चापेक यांनी मोठा मार्मिक उपयोग केला आहे. कारखाना पाहावयास आलेली हेलेना सुल्ला नावाच्या रोबोत्केशी बोलते आणि ती माणूस नाही हे मानावयास तयार होत नाही. थोड्या वेळाने कारखान्याचे अधिकारी येतात. त्यांना ती रोबोट समजते आणि बंधु म्हणून त्यांना बंडाची हाक देते. दोन्ही चुका संभाषणात घडतात. (सुल्ला व मारिउस ही वस्तुतः परस्परांशी लढलेल्या दोन रोमन सेनानींची नावे. ती प्रेमिकांची असावीत अशा समजुतीने दोमिनने दिली आहेत. निर्मात्याने नाव ठेवताना एवढीही चौकशी केली नाही.)

याहून एक शतक मागे, १८१८ साली प्रसिद्ध झालेल्या मेरी शेली यांच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’मध्ये तर निर्मितीला नावच नाही. १८२३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर या कथेचे नाटक आले, तेव्हा जाहिरातीतील पात्रसूचीत त्या पात्रापुढे नावाच्या जागी रेघ होती. शेली यांना ती कल्पना आवडली. या अनामिकाची भाषा कोणी शिकविलेली नाही. एका कुटुंबाच्या झोपडीला लागून तो लपून राहतो आणि भिंतीच्या फटीतून ऐकतो. आधी विस्तव, दूध, भाकरी, लाकूड यांचे शब्द. मग माणसांची नावे. आणि मग एका परकी मुलीस दिलेले फ्रेंचचे धडे. घरातील वृद्ध आंधळा आहे. तो त्याचे बोलणे ऐकून त्यास आपला देशबांधव समजतो. साऱ्या कादंबरीत त्याला माणूस मानणारा हा एकच श्रोता, आणि तो पाहू शकत नाही. डोळस मुलगा आत येताच काठीने मारतो.

निर्मात्याशी बोलताना हा जीव जुन्या इंग्रजीतील एकवचनी सर्वनाम वापरतो, जे प्रार्थनेत ईश्वरास लावतात. मराठीत ईश्वरास ‘तू’, आईस ‘तू’, आणि जुन्या वळणाच्या घरांत वडिलांस ‘तुम्ही’. फ्रँकेन्स्टाइन हा या तिघांच्या जागी एकटाच आहे. माझ्या मते ‘तू’च योग्य, कारण ज्याला टाकून देण्यात आले त्याने टाकणाऱ्यास ‘तुम्ही’ म्हणावे, हे त्या वाक्यातील मागणीला दुबळे करते. आणि त्या जीवाला ‘तो’ म्हणावे की ‘ते’? ‘ते’ लिहिणारे विद्यार्थी वस्तु सुचवीत होते. परंतु मराठीत नपुंसकलिंग केवळ वस्तूंचे नाही. ते मूल, ते लेकरू, ते अर्भक. फ्रँकेन्स्टाइन डोळे उघडणाऱ्या आपल्या निर्मितीपासून पळून जातो त्या रात्रीपुरते तरी ‘ते’च लिहावे, पुढे ती फटीपाशी ऐकावयास बसली की ‘तो’ आपोआप येईल.

‘आर. यू. आर.’च्या शेवटी रोबोटांनी माणसांचा संहार केलेला असतो. हाताने काम करतो एवढ्याच कारणाने त्यांनी आल्क्विस्ट या स्थापत्यकारास जिवंत ठेवलेले असते. हरवलेली कृति शोधण्यासाठी तो प्रिमुस आणि हेलेनेच्याच नावाची रोबोत्का यांतील एकाला चिरण्याची भाषा करतो. दोघेही दुसऱ्यासाठी पुढे होतात, आणि आपण एकमेकांचे आहोत अशा आशयाचे उत्तर प्रिमुस देतो. चेकमध्ये ‘आम्ही’ आणि श्रोत्यासह ‘आपण’ यांना सर्वनाम एकच. मराठीत निवड करावी लागते. प्रिमुस आल्क्विस्टला उद्देशून बोलत आहे, म्हणून ‘आम्ही एकमेकांची आहोत’ असेच लिहिले पाहिजे. जगातील शेवटचा माणूस त्या ‘आम्ही’च्या बाहेर राहतो. आणि स्त्री-पुरुषांच्या जोडीस आपली भाषा लावते ते लिंग पुन्हा नपुंसकच: आल्क्विस्ट दार उघडतो आणि ती दोघे बाहेर पडतात.