कपाटातला गांजा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बाहेरून साधं कपड्यांचं कपाट, दार उघडलं की आत दिव्याखाली गांजाचं झाड. असे व्हिडिओ हल्ली सहज बघायला मिळतात. त्यातले बरेचसे अमेरिकेत, कॅनडात नाहीतर युरोपात केलेले असतात आणि बनवणारा तिथल्या कायद्याच्या भरवशावर बोलत असतो. बघणारा मात्र कोथरूडच्या, पनवेलच्या किंवा मडगावच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये बसलेला असतो. व्हिडिओतला धीटपणा तो उचलतो, पण त्यामागचा कायदा काही त्याच्याबरोबर येत नाही. या दरीत सापडतात ती बहुतेक विशी-पंचविशीतली मुलं, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे रूममेट, घरमालक आणि आईवडील. म्हणून या विषयातले नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १: एखाद-दुसरं झाड, तेही स्वतःपुरतं. त्याला कोण विचारतं?

वस्तुस्थिती: कायदा विचारतो, आणि झाड एक की दहा हे न बघता विचारतो. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे एनडीपीएसच्या, कलम ८ नुसार गांजाच्या कोणत्याही झाडाची विनापरवाना लागवड करायला बंदी आहे. कलम २० (अ) मध्ये त्यासाठी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

गोंधळ होतो तो 'अल्प प्रमाण' या तरतुदीमुळे. गांजा बाळगल्याच्या गुन्ह्यात एक किलोपर्यंतचं वजन अल्प धरलं जातं आणि तिथे कमाल शिक्षा एक वर्षाची आहे. वीस किलोच्या पुढे व्यापारी प्रमाण सुरू होतं. ही वजनाची उतरंड बाळगणं, विकणं, वाहून नेणं अशा गुन्ह्यांसाठी आहे. लागवडीच्या कलमात अशी पायरीच नाही. म्हणजे खिशात पाच ग्रॅम गांजा सापडलेल्या मुलापेक्षा कपाटात वीतभर रोप लावलेला मुलगा कागदावर जास्त गंभीर गुन्ह्यात अडकतो. हे कळेपर्यंत बहुतेकांना उशीर झालेला असतो.

गैरसमज २: भांग चालते, मग झाड का नाही?

वस्तुस्थिती: कायद्याने गांजाची व्याख्या केली आहे ती फुलोऱ्याची. फुलोरा सोबत नसेल तर नुसती पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर राहतात. त्या फटीतून भांग केंद्रीय कायद्याच्या कचाट्यातून सुटते आणि राज्यांच्या अखत्यारीत येते. म्हणून वाराणसीत भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू आहे आणि परवान्याशिवाय ती बाळगता किंवा विकता येत नाही.

यातून झाड लावायची मोकळीक मिळत नाही. बी आणि पान व्याख्येबाहेर असलं तरी अख्खं झाड बंदीच्या आतच आहे. हेम्पच्या, म्हणजे याच झाडाच्या, बिया खाद्यपदार्थ म्हणून विकायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ मध्ये मान्यता दिली, पण ती मान्यता खाण्यापुरती आहे. बी मातीत टोचून त्याचं रोप वाढवलं की लागवड झाली.

गैरसमज ३: 'आपोआप उगवलं' म्हटलं की सुटका होते.

वस्तुस्थिती: या समजाला थोडा आधार आहे. हिमालयाच्या पायथ्याशी हे झाड रानोमाळ उगवतं. अलख राम विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला सोडलं, कारण जमिनीत झाडं होती एवढ्यावरून त्याने ती लावली आणि जोपासली हे सिद्ध होत नव्हतं.

पण हा युक्तिवाद बांधावर चालतो, कपाटात नाही. बंद कपाटात कुंडी, डोक्यावर दिवा, वारा खेळवायला पंखा, शेजारी खताची बाटली, हा सगळा सरंजाम म्हणजेच जोपासनेचा पुरावा. भरीस भर म्हणजे कलम ३५ नुसार आरोपीच्या मनात गुन्ह्याचा हेतू होता असं न्यायालय गृहीत धरतं. तो नव्हता हे आरोपीला दाखवावं लागतं, तेही वाजवी शंकेला जागा न ठेवता. इतर बहुतेक फौजदारी खटल्यांत हे ओझं सरकारी पक्षावर असतं, इथे ते उलटतं. झाड लपवण्यासाठी घेतलेली मेहनत न्यायालयात लावणाऱ्याच्याच विरुद्ध उभी राहते.

गैरसमज ४: माझी खोली, माझं कपाट. अडकलो तर मी एकटा.

वस्तुस्थिती: कलम २५ जागेच्या मालकाला आणि ताबेदारालाही लागू होतं. आपल्या जागेत असा गुन्हा घडतोय हे माहीत असूनही होऊ दिला, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्याला होऊ शकते. 'माहीत असून' हा शब्दप्रयोग महत्त्वाचा आहे. बेखबर घरमालक दोषी ठरत नाही. पण दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये चार मुलं राहत असतील, तर कुणाला माहीत होतं आणि कुणाला नव्हतं याचा निवाडा छाप्याच्या रात्री होत नसतो. त्यासाठी चौकशी, अटक, जामीन, तारखा असा सगळा मार्ग चालावा लागतो. एनडीपीएसखालचा प्रत्येक गुन्हा दखलपात्र आहे. भाडेकरारावर ज्याचं नाव आहे त्याला पहिला प्रश्न विचारला जातो. पासपोर्टची पडताळणी, परदेशी शिक्षणाचा अर्ज, सरकारी नोकरी, या सगळ्या ठिकाणी प्रलंबित गुन्ह्याची नोंद आडवी येते. आपल्या हौसेची किंमत दुसऱ्याच्या नावावर टाकण्याचा हक्क कुणालाच नाही.

गैरसमज ५: आता परदेशात सगळीकडे परवानगी आहे.

वस्तुस्थिती: परवानगी आहे तिथेही तिला मर्यादा आहेत, आणि त्या दर सीमेला बदलतात. परदेशी राहणाऱ्या मराठी मंडळींनी हा भाग नीट वाचावा.

जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून सज्ञान व्यक्तीला घरी तीन झाडं लावता येतात. पण त्यासाठी तिथे किमान सहा महिन्यांचं वास्तव्य हवं, झाडं मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी व्यवस्था हवी, आणि आलेलं पीक मित्राला देणंही गुन्हाच. कॅनडात २०१८ पासून संघराज्याच्या कायद्याने घरटी चार झाडं चालतात. तरी क्वेबेक प्रांताने घरच्या लागवडीवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी वैध ठरवली. नेदरलँड्सबद्दल तर सगळ्यात मोठा गैरसमज आहे. तिथे लागवड कायदेशीर नाही, फक्त पाचपर्यंत झाडं असतील तर पोलीस सहसा ती जप्त करून विषय संपवतात. आणि तिथेही दिवे, पंखे अशी साधनं वापरली की लागवड व्यावसायिक मानली जाण्याची शक्यता वाढते. म्हणजे कपाटातली लागवड ही त्या सवलतीच्या बाहेर पडण्याची वाट आहे. ब्रिटनमध्ये तर लागवडीला कमाल चौदा वर्षांची शिक्षा आहे.

अमेरिकेतली गुंतागुंत आणखी वेगळी. कॅलिफोर्नियात घरटी सहा झाडं चालतात. मराठी वस्ती दाट असलेल्या न्यू जर्सीत गांजा दुकानातून विकत घेता येतो, पण घरी झाड लावणं हा गंभीर गुन्हा आहे. त्यात संघराज्याच्या कायद्याने गांजा अजूनही नियंत्रित पदार्थ आहे आणि व्हिसा, ग्रीनकार्ड, नागरिकत्व हे सगळं संघराज्याच्या हातात. राज्याने परवानगी दिलेली गोष्टही इमिग्रेशन अधिकाऱ्यापुढे कबूल केली, तर खटला न चालताही प्रवेश किंवा नागरिकत्व अडू शकतं. एच-वन-बी वर गेलेल्याने शेजाऱ्याकडे बघून नियम ठरवू नये. शेजारी नागरिक असतो, आपण नसतो.

गैरसमज ६: दिवा आणि पंखा, त्यात धोका कसला?

वस्तुस्थिती: कपाट कपड्यांसाठी बनवलेलं असतं. प्लायवूड, लॅमिनेट, चिकटवायला वापरलेला डिंक, सगळं जळणारं. घरातले साधे सॉकेट सहा अँपिअरचे असतात आणि कपाटामागे बहुतेक वेळा एकच असतो. मग एक्स्टेंशन बोर्ड येतो, त्यात दिवा, पंखा, टायमर. हा भार दिवसाचे बारा तास किंवा त्याहूनही जास्त, महिनोन्‌महिने चालू राहतो. पिन किंचित सैल असली की तिथे उष्णता साचते. पांढऱ्या प्लास्टिकवर आधी पिवळट, मग तपकिरी डाग उमटतो, जळका वास येतो, आणि हे सगळं मागच्या फळीआड घडत असल्यामुळे कुणाला दिसत नाही. शेजारी पाणी असतं. दार बंद असतं. घरात कुणी नसताना दिवा चालू असतो. लपवलेली गोष्ट असल्यामुळे इलेक्ट्रिशियनला बोलवायचीही सोय उरत नाही. खरा धोका तिथेच आहे.

दुसरा प्रश्न ओलीचा. पाणी घातलेली माती आणि झाडाची पानं सतत बाष्प सोडतात. बंद जागेत ते प्लायवूडमध्ये मुरतं, कडा फुगतात, लॅमिनेट सुटतं, मागच्या भिंतीवर काळी बुरशी धरते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. ही बुरशी दमेकऱ्यांना त्रास देतेच. शिवाय फुलोऱ्यावरही अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी वाढू शकते. केमोथेरपी घेतलेल्या किंवा अवयव बदललेल्या रुग्णांना असा गांजा ओढल्यावर फुप्फुसाचा गंभीर संसर्ग झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

गैरसमज ७: घरचं म्हणजे शुद्ध, नैसर्गिक, सौम्य.

वस्तुस्थिती: घरी वाढवल्याने नशा आणणारं द्रव्य, म्हणजे टीएचसी, कमी होत नाही. उलट घरातल्या लागवडीसाठी जगभर ज्या जाती विकल्या जातात त्या जास्त टीएचसीसाठीच निवडत आणलेल्या आहेत. अमेरिकेत जप्त केलेल्या गांजातलं टीएचसीचं प्रमाण १९९५ मध्ये सुमारे ४ टक्के होतं, ते २०१४ पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर गेलं. एखाद्या साधूने ओढलेली चिलीम आणि आजचा हा माल यांची बरोबरी करणं म्हणूनच चुकीचं आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आलेल्या युरोप आणि ब्राझीलमधल्या अभ्यासात, दहा टक्के किंवा जास्त टीएचसी असलेला गांजा रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचा झटका येण्याची शक्यता कधीच न घेणाऱ्यांच्या जवळजवळ पाचपट दिसली.

'निसर्गाला धरून' हा दावाही टिकत नाही. सूर्याचं काम विजेवर करून घ्यायचं तर वीज लागतेच. ३०० वॉटचा एक दिवा रोज बारा तास लावला तर महिन्याला १०८ युनिट होतात. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या २०२१ च्या अभ्यासानुसार अमेरिकेत इमारतीत वाढवलेल्या एक किलो सुक्या गांजामागे, ठिकाणानुसार, २,२८३ ते ५,१८४ किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन होतं.

गैरसमज ८: औषधासाठी असेल तर पोलीस समजून घेतात.

वस्तुस्थिती: दुखण्याने बेजार झालेला माणूस हा विचार करतो तेव्हा त्याच्याबद्दल सहानुभूतीच वाटते. पण आजारपण हा घरच्या लागवडीचा परवाना होत नाही. कायद्यात वैध वाटा आहेत, मात्र त्या सरकारमार्फत जातात. कलम १० आणि १४ खाली राज्य आणि केंद्र सरकार ठराविक कारणांसाठी परवानगी देऊ शकतात. जम्मूच्या आयआयआयएम या सरकारी संस्थेत औषधी संशोधनासाठी अशी लागवड चालते. उत्तराखंडाने कमी टीएचसीच्या औद्योगिक हेम्पसाठी २०१८ पासून परवाने द्यायला सुरुवात केली. आयुर्वेदातली विजया, म्हणजे भांग, वापरून केलेली औषधं परवानाधारक कंपन्या बनवतात आणि ती वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. जुनाट वेदना, झोप न येणं, केमोनंतरची मळमळ यांसाठी वेदनाशमन तज्ज्ञाशी किंवा नोंदणीकृत वैद्याशी उघडपणे बोलता येतं. कपाटातल्या झाडाचं प्रमाण कुणी मोजलेलं नसतं आणि त्याचा डोस ठरवणारंही कुणी नसतं.

मग करायचं काय?

हा कायदा फार कठोर आहे, असं म्हणणारे अनेक जाणते लोक आहेत, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढलं, तेव्हा भारताने बाजूने मत दिलं होतं. कायदा बदलावा असं वाटत असेल तर संसदेत, न्यायालयात, वर्तमानपत्रांत ती मागणी जोरात करावी. पण बदल होईपर्यंत आजचंच कलम लागू आहे.

ज्याला गांजाशिवाय दिवस काढणं कठीण झालंय, त्याने झाड लावण्याऐवजी मदत मागावी. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या सुमारे ३ कोटी १० लाख लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं आढळलं. तेव्हा यात कुणी एकटा नाही आणि लाजण्यासारखंही काही नाही. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण ही संस्था व्यसनमुक्तीचं काम करतेय. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात, कलम ६४ अ खटल्यापासून संरक्षण देतं. कायद्याने व्यसनी माणसासाठी ठेवलेलं हे दार उघडं आहे, आणि त्यातून आत जायला कुणापासून काही लपवावं लागत नाही.