जागेशी बोलणारी कला

चित्र भिंतीवर टांगावयाचे, मूर्ती चौथऱ्यावर बसवावयाची आणि नाटक रंगमंचावर करावयाचे, ही कलेची वाटणी आपल्या मनात पक्की बसलेली आहे. अलीकडे मांडणशिल्प, प्रयोगकला अशी नावे कानांवर येतात. कलावंत बंद पडलेल्या गिरणीत किंवा नदीकाठी काही वस्तू मांडतो, तेथे स्वतः काही काळ वावरतो आणि त्यालाच कलाकृती म्हणतो. पणदऱ्याच्या श्रोत्यास हे शहरी खूळ वाटले, तर नवल नाही. तथापि या कलेचे मर्म जाणण्यासाठी फार दूर जावे लागणार नाही, असे आम्हांस वाटते.

आषाढी वारीत तुकोबांची पालखी बारामतीचा मुक्काम आटोपून सणसरकडे निघते, तेव्हा वाटेत काटेवाडी लागते. तेथे परीट समाजाची मंडळी पालखीच्या वाटेवर धोतरांच्या पायघड्या अंथरतात आणि मेंढ्यांचे कळप पालखीभोवती रिंगण घालतात. धोतर हे परटाच्या रोजच्या कामातले. मेंढरे या कमी पावसाच्या मुलखातली. कोकणात उतरलेले धनगरांचे कळप पावसाच्या तोंडी देशावर परततात, तोच हा काळ. हाच सोहळा पुण्याच्या नाट्यगृहात केला, तर मेंढरे फिरतील, परंतु अर्थ मागे राहील. वारकऱ्यांस ही भक्ती आहे. तिला कला म्हणवून घेण्याची गरज नाही. आम्ही तिच्यापासून एक कसोटी तेवढी घेतो : कृती जागेवरून उचलली असता तिचा अर्थ किती उरतो?

या कसोटीवर प्रभाकर पाचपुते यांचे काम पाहावे. त्यांचा जन्म १९८६ साली चंद्रपूर जिल्ह्यातील सास्ती या खाणीच्या गावी झाला. घरची माणसे कोळशाच्या खाणीत राबणारी. खैरागड व बडोदे येथे शिल्पकलेचे शिक्षण घेतल्यावर त्यांनी हाती घेतला तो कोळसाच. प्रदर्शनाच्या भिंतीवरच ते कोळशाने भव्य चित्रे काढतात. त्यांतील माणसांच्या धडावर कधी डोक्याऐवजी अवजार असते, कधी दिवा. अशी भिंतीवरची चित्रे प्रदर्शन संपल्यावर पुसली जातात. टिकत नाही ती कला कसली, असे कोणी विचारील. परंतु ज्या गावाखालची जमीनच पोखरली जाते, त्याची गोष्ट पुसल्या जाणाऱ्या रेषेत सांगणे हेच उचित नव्हे काय?

मग असा कलावंत परमुलखात गेल्यावर काय करतो? २०२१ साली वेल्समधील कार्डिफ येथे ‘आर्टेस मुंडी’ या प्रदर्शनात पाचपुते यांचे काम मांडले गेले. वेल्स हाही जुन्या कोळसाखाणींचा मुलूख. तेथील खाणकामगारांच्या लढ्यांचा अभ्यास करून त्यांनी चित्रे व निशाणे रचली आणि त्यांत आपल्याकडील खाणींशी धागा जोडला. त्या वर्षीचे पारितोषिक सहाही कलावंतांस वाटून देण्यात आले. सास्तीची भिंत उचलून नेता येत नाही. सास्तीत पडलेला प्रश्न मात्र नेता येतो. तो नव्या जागी तेथील माणसांच्या तोंडून पुन्हा ऐकावा लागतो.

आता आपल्या पणदऱ्याकडे वळू. नीरा डाव्या कालव्याने या भागात ऊस आणला. कालव्याचे पाणी उताराने वाहते. म्हणून त्याच्या एका अंगास बागाईत आणि दुसऱ्या अंगास जिराईत असा भेद पडला. गळिताच्या हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात आणि हंगाम सरताच मोडल्या जातात. उद्या एखादा कलावंत या कालव्याच्या काठी काही मांडू लागला, तर ते सुंदर दिसते की नाही, एवढ्यावरच त्याची पारख करू नये. पाणी कोणापर्यंत पोचले, कोणापर्यंत पोचले नाही, आणि मोडलेल्या कोपीतला माणूस कोठे गेला, हे त्याने विचारले आहे काय, ते पाहावे. ते विचारण्यापूर्वी तो त्या माणसांजवळ बसला होता काय, हेही पाहावे. बसला नसेल, तर त्याची मांडणी लग्नाच्या मांडवासारखी कोठेही शोभेल. आणि बसला असेल, तर ती मोडल्यावरही गावकरी कालव्याकडे पूर्वीच्या नजरेने पाहू शकणार नाहीत.