कंदाला थंडीपेक्षा ओलीचे भय

निशिगंध, डेलिया आणि ग्लॅडिओलस ही तिन्ही फुले कंदापासून येतात आणि तिन्हींबद्दल एकच तक्रार ऐकू येते. पहिल्या वर्षी छान फुलले, दुसऱ्या वर्षी कंदच उरला नाही. मग पुन्हा पैसे मोजून नवे कंद आणायचे. वास्तविक कंद हे घटणारे धन नव्हे. नीट सांभाळला तर एकाचे चार होतात आणि शेजाऱ्याला देऊनही उरतात.

परदेशी बागकामाच्या पुस्तकांत एक सूचना हटकून असते : थंडीचा कडाका पडण्यापूर्वी, ऑक्टोबरात, कंद उकरून घरात ठेवा. तिकडे ती बरोबरच आहे. जमीन गोठली की कंदातले पाणी गोठते आणि मागाहून त्याचा लगदा होतो. पण आपल्या बेळगाव-खानापूरकडे ऑक्टोबरात निशिगंध फुलावर असतो. तेव्हा कुदळ घातली तर दोन नोव्हेंबरला कबरीवर ठेवायला फुले विकतच आणावी लागतील. इथे जमीन गोठत नाही. इथे कंद मरतो तो ओलीने.

याचे कारण या झाडांच्या मायदेशात आहे. निशिगंध आणि डेलिया मूळची मेक्सिकोची. तिथल्या डोंगराळ भागात उन्हाळ्याच्या उत्तरार्धात पाऊस लागतो आणि हिवाळा कोरडा जातो. पावसात वाढायचे, फुलायचे आणि पाणी सरले की पाने टाकून कंदाच्या रूपाने झोपायचे, अशी त्यांची रीत. म्हणजे ही झोप थंडीची नाही, कोरडीची आहे. आपले हवामानही जवळपास तसेच असल्यामुळे आपले काम सोपे आहे. कंद झोपू पाहत असताना त्याला पाणी पाजू नये, एवढेच.

पण परड्यात नेमके हेच घडत नाही. मोरीचे पाणी जिथे जाते तिथेच फुलझाडे लावायची आपली जुनी सवय. कर्दळ, अळू, केळ यांना ते मानवते, निशिगंधाला नाही. त्याचा वाफा उंचावर, उन्हाच्या जागी हवा. खानापूरकडच्या तांबड्या जमिनीतून पाणी लवकर निथळते. पूर्वेकडे बैलहोंगल, गोकाकच्या काळ्या मातीत मात्र वीतभर उंच गादीवाफा करून त्यात वाळू व कुजलेले शेणखत मिसळल्याशिवाय कंद लावू नये.

निशिगंधाबद्दल एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ज्या कंदाने एकदा दांडा टाकला तो पुन्हा फुलत नाही. पुढच्या वर्षी फुलतात ती त्याच्या कुशीतली पिल्ले. म्हणून फूल खुडल्यावर पाने कापून वाफा ‘साफ’ करू नये. त्या हिरव्या पानांवरच पिल्लांचे पोषण चाललेले असते. डिसेंबर-जानेवारीत पाणी हळूहळू तोडावे आणि पाने आपोआप पिवळी पडू द्यावीत. चांगल्या निचऱ्याच्या जमिनीत कंद दरवर्षी काढण्याची गरज नाही. तीन वर्षांनी मात्र एवढी दाटी होते की दांडे आखूड व विरळ येऊ लागतात. तेव्हा सगळा गड्डा उकरावा, पिल्ले सुटी करून सावलीत वाळवावीत आणि महिना-दीड महिन्याच्या विश्रांतीनंतर एप्रिल-मे मध्ये लावावीत. सुपारीएवढे किंवा त्याहून थोडे मोठे कंद दोन इंच खोल लावावेत. बारीक असतील ते बाजूच्या वाफ्यात वाढवावेत. नवे कंद घेणारच असाल तर बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचे ‘प्रज्वल’ किंवा ‘शृंगार’ हे एकेरी फुलांचे वाण विचारून घ्यावेत. हाराला एकेरी फूलच बरे. दुहेरी पाकळ्यांचे फूल फुलदाणीत शोभते.

डेलियाचे तंत्र वेगळे आहे. पाऊस ओसरताना लावलेली डेलिया नाताळच्या सुमारास फुलते. फुले संपून झाड वाळले की वीतभर खुंट ठेवून गड्डा काढावा. रताळ्यासारख्या मुळ्या सुट्या तोडू नयेत. डोळा असतो तो खुंटाच्या बुडाशी, मुळीवर नाही. डोळ्याविना मुळी कितीही जाड असली तरी उगवत नाही. हे गड्डे कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात, सोप्यातल्या थंड कोपऱ्यात ठेवावेत. वैशाखात सुरकुतू लागले तर वरून पाण्याचा हलका शिपका द्यावा, भिजवू नयेत.

ग्लॅडिओलसचा दांडा कापताना झाडावर निदान चार पाने राखावीत आणि त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांनी कंद काढावा. जुन्या कंदाच्या डोक्यावर नवा तयार झालेला दिसेल. खालचा वाळका तोडून टाकावा. दोन-तीन आठवडे सावलीत वाळवून, मऊ पडलेले व डाग असलेले निवडून जाळावेत आणि उरलेले जाळीच्या पिशवीत वाऱ्यावर टांगावेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत मुळीच नकोत. पावसाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा चाचपून पाहावे, कारण एक नासका कंद सारी पिशवी घालवतो.

ज्यांचे सोयरे ग्वाल्हेरकडे आहेत त्यांनी हे जसेच्या तसे कळवू नये. तिकडे जानेवारीतल्या एखाद्या रात्री पारा शून्याजवळ जातो आणि निशिगंधाची पाने करपतात. वाफ्यावर गवताचा जाड थर घातला तर जमिनीतला कंद वाचतो. नवी लागवड त्यांनी थंडी सरल्यावर करावी.

आता आरोग्याचे, आणि हे घरातल्या सर्वांनी वाचावे. फुलांचे कंद कांद्या-लसणाच्या बुट्टीशेजारी कधीही ठेवू नयेत. लिलीसारख्या कित्येक फुलांचे कंद हुबेहूब कांद्यासारखे दिसतात आणि पोटात गेल्यास उलट्या होतात. बुरशीनाशक लावलेले कंद तर स्वयंपाकघरात येताच कामा नयेत. सर्वांत घातक कळलावी. पावसाळ्यात कुंपणावर तांबडी-पिवळी, ज्वाळेसारखी फुले येतात ती. सुंदर म्हणून काहीजण तिचा कंद परड्यात आणून लावतात. लहान मुले व गुरे जिथे फिरतात तिथे ती लावू नये. तिचा कंद रताळे समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. उलट्या-जुलाब सुरू व्हायला काही तास लागतात आणि मधे थोडे बरे वाटले तरी दोन-तीन दिवसांत प्रकृती एकदम ढासळू शकते. म्हणून त्रास होण्याची वाट न पाहता, घरगुती उपायांत वेळ न दवडता, रोग्याला लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे आणि उरलेला कंद किंवा वेलीचा तुकडा डॉक्टरांना दाखवायला बरोबर घ्यावा.