दिवाणखान्यातला रांजण
१८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि पैशामागून विलायती थाट आला. अमरावतीच्या जुन्या वाड्यांत मी तो पुष्कळ पाहिला आहे. खाली निमुळते होत गेलेले, उभ्या खोबणींचे पाय असलेली खुर्ची, दोन कानांची फुलदाणी : हे ग्रीक-रोमन वळण. १७४८ त पाँपेईचे उत्खनन सुरू झाले नि युरोप या घाटाने वेडावला. वेजवुडने १७६९ त आपल्या कारखान्याला ‘एट्रुरिया’ नाव दिले. जुने कुंभ एट्रुस्कन समजत, निघाले बहुतेक ग्रीक! आणि मुळात ते काय? तेला-दारूचे रांजणच की! अकोल्यात एका भंगारवाल्याकडे तसली खुर्ची जळाऊ लाकडांत पडली होती. वाचकहो, माळा झाडताना खुर्चीचे पाय आधी पाहा, मग भंगारवाल्याला हाक मारा.